वेल्सच्या खेड्यातला फिरता तेलवाला नेमका कुठल्या सालात बसतो?

एका नाट्यलेखकाचा प्रश्न आहे. ते एका एकांकिकेचं मराठी रूपांतर करत आहेत. कथा वेल्समधल्या खेड्यात १७८० च्या सुमारास घडते आणि त्यात दारोदार फिरून दिव्याचं तेल विकणारा एक म्हातारा आहे. त्यांना चार गोष्टी हव्या आहेत. असे लोक खरंच असत का, आपल्याकडच्या तेल्यासारखा तो पिढीजात धंदा होता का, त्याच्या गाडीवर काय काय असे, आणि हे विक्रेते गेले कधी?

मी वेल्समध्ये राहतो. जुने रॉकेलचे दिवे दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे या प्रश्नाशी माझी रोजची गाठ असते. थोडक्यात सांगायचं तर असे लोक होते, पण १७८० मध्ये नव्हते. तुमचा म्हातारा ऐंशी-नव्वद वर्षं आधीच रंगमंचावर आला आहे. हा माणूस १८६० नंतरचा. तो तेली नव्हता, व्यापारी होता. आणि खरं सांगायचं तर तो नुसता 'तेलवाला'ही क्वचितच असे.

आधी १७८० बद्दल. त्या काळी वेल्सच्या डोंगरातला शेतकरी उजेड विकत घेत नव्हता, घरीच करत होता. पाणथळ कुरणांत आपल्या लव्हाळ्यासारखं दिसणारं एक उंच, गोल देठाचं गवत तिथे माजलेलं असतं. उन्हाळा सरता सरता ते कापायचं, भिजत घालायचं आणि देठाची हिरवी साल काढायची. साल सगळी काढायची नाही. एका बाजूला बारीक पट्टी ठेवायची, म्हणजे आतला पांढरा, स्पंजासारखा गाभा मोडत नाही. मग ते देठ वाळवायचे आणि होडीच्या आकाराच्या लोखंडी पळीत वितळवलेल्या चरबीतून ओढून काढायचे. चरबी घरचीच, मेंढीची नाहीतर डुकराची. थंड झाली की झाली बत्ती तयार. ती उभी राहत नाही, म्हणून लोखंडी चिमट्यात तिरकी धरायची आणि जळत गेली की पुढे सरकवायची. हे सरकवण्याचं काम बहुधा घरातल्या पोराकडे असे.

हा उजेड किती स्वस्त पडे याचा हिशेब इंग्लंडमधल्या हॅम्पशरचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७७५ साली मांडून ठेवला आहे. गाव इंग्लिश असलं तरी रीत तीच. एक पौंड वाळलेल्या देठांत सोळाशेच्या वर काड्या भरतात आणि त्यांना सहा पौंड चरबी लागते. दोन फूट साडेचार इंचांची एक काडी त्यांनी स्वतः जाळून पाहिली, ती ५७ मिनिटं टिकली. गरीब घराला एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, साडेपाच तास उजेड मिळतो असं त्यांचं गणित निघालं. त्यात सरकारने १७०९ पासून मेणबत्त्यांवर कर बसवला होता, तो १८३१ पर्यंत राहिला. घरच्या वापरासाठी चरबीतून एकदाच ओढलेल्या या काड्यांना मात्र सूट होती. आता सांगा, कुरणात गवत आहे, चुलीवर चरबी आहे, कर नाही. अशा घराच्या दारात तेल घेऊन उभं राहणाऱ्याला कोण विचारणार?

काही भागांत हिवाळ्यात शेजारीपाजारी जमून या काड्या सोलत बसत, त्या रात्रीला 'पिलनॉस' म्हणत. उत्तर वेल्समधल्या मेरियोनेथ आणि बाला भागात 'नोसॉन वेइ' म्हणजे विणकामाची रात्र असे. गावातल्या बायका, पोरं, पुरुषसुद्धा एका घरात जमून मोजे विणत, गोष्टी सांगत, वीणावादक असला तर गाणीही होत. एका चुलीचा आणि एका काडीचा उजेड दहाजणांना पुरत असे. नाताळच्या पहाटे चर्चमध्ये 'प्लगाइन' नावाची उपासना होई आणि माणसं तिथे घरून आपापली मेणबत्ती घेऊन जात. मॉन्टगमेरीशरच्या काही गावांत ही प्रथा अजून जिवंत आहे. उजेड हा असा सोबत न्यायचा आणि वाटून घ्यायचा मामला होता.

तेव्हा एकांकिका १७८० मध्येच ठेवायची असेल, तर तेलवाल्याच्या जागी फिरता पॅकमन आणा. पाठीवर गाठोडं, त्यात सुया, फिती, कापडाचे तुकडे, बटणं. किंवा बालाच्या बाजारासाठी मोजे गोळा करणारा व्यापारी आणा. विणकामाची रात्र आणि मोज्यांचा व्यापारी यांचं नातं इतकं नैसर्गिक आहे की नाटकाला ते आयतंच मिळेल. लंडनकडे गुरं हाकत नेणारा गुराख्यांचा म्होरक्याही चालेल. त्याच्याकडे विकायला काही नसेल, पण बातम्या भरपूर असतील.

त्या काळात वेल्समध्ये तेल नव्हतंच असं मात्र नाही. १७९० च्या दशकात नॅन्टुकेट या अमेरिकन बेटावरची देवमासे मारणारी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं पेम्ब्रोकशरमधल्या मिलफर्ड हेवन बंदरात येऊन वसली. ते शहर वसलं त्यात त्यांचा मोठा वाटा. दक्षिण समुद्रातून आणलेलं देवमाशाचं तेल तिथे उतरे. पण ते जाई लंडनला, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. बंदरापासून वीस मैलांवरच्या शेतकऱ्याच्या घरात त्याच रात्री मेंढीची चरबी जळत असे. पुढे शहरांत गॅसचे दिवे आले आणि मिलफर्डचा तो धंदा बसला. किनाऱ्यावरच्या गावांत माशाचं तेल जाळत, पण त्याचा वास आणि काजळी अशी की पर्याय असलेला माणूस त्या वाटेला जात नसे. शिवाय अशी घट्ट तेलं वातीत नीट चढत नाहीत. दुरुस्तीला एखादा फार जुना तेलाचा दिवा आला तर त्याच्या वातीच्या नळीत गोंदासारखा घट्ट थर सापडतो तो याचाच.

सगळं बदललं ते खनिज तेलाने. ग्लासगोच्या जेम्स यंग यांनी १८५० मध्ये दगडी कोळशापासून पातळ, स्वच्छ जळणारं तेल काढण्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बाथगेटला कारखाना उभा केला. लोक त्यांना 'पॅराफिन यंग' म्हणत. ब्रिटनमध्ये रॉकेलला आजही पॅराफिनच म्हणतात.

या गोष्टीत वेल्सचाही एक छोटा, चटका लावणारा अध्याय आहे. १८५८ मध्ये ईशान्य वेल्समध्ये मोल्ड गावाजवळ लीसवुडला तेलाने गच्च भरलेला, कॅनेल नावाचा कोळसा सापडला. यंग यांच्या पेटंटची मुदत १८६४ मध्ये संपली आणि त्या परिसरात तेल काढण्याच्या भट्ट्यांची झुंबड उडाली. काही वर्षं फ्लिंटशरच्या त्या कोपऱ्यात पैसा वाहत होता. पण १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागलं होतं. १८६१ मध्ये 'एलिझाबेथ वॉट्स' हे शिडाचं जहाज फिलाडेल्फियाहून तेलाची पिंपं घेऊन लंडनकडे निघालं आणि पाठोपाठ अमेरिकन तेलाची रांगच लागली. कोळसा खणून, भाजून, गाळून काढलेलं तेल जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या तेलापुढे कसं टिकणार? लीसवुडच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. वेल्सच्या खेड्यांत घरोघरी दिवे लागले ते मुख्यतः अमेरिकन तेलावर.

तेल बंदरात येणं एक आणि डोंगरात पोचणं दुसरं. इथे रेल्वे येते. मँचेस्टर अँड मिलफर्ड रेल्वे लॅम्पेटर आणि ट्रेगॅरॉनवरून १८६७ मध्ये ऍबरिस्टविथला पोचली. बालाला रेल्वे आली १८६८ मध्ये. म्हणजे स्वस्त तेल आणि रेल्वे ही दोन्ही त्या मुलखात जवळजवळ एकाच दशकात उतरली. लाकडी पिंपं स्टेशनात उतरत आणि तिथून दुकानदाराच्या मागच्या खोपटात जात. पिंप आडवं टाकून त्याला पितळी तोटी ठोकायची, खाली ठिबकणीसाठी पत्र्याची थाळी, शेजारी गॅलन, क्वार्ट आणि पिंटची मापं आणि एक नरसाळं. झालं तेलाचं दुकान.

मग फिरती कशाला? याचं उत्तर वेल्सच्या वस्तीत आहे. इंग्लंडच्या सपाट भागासारखी चर्चभोवती गच्च बसलेली गावं वेल्सच्या डोंगरात फारशी नाहीत. घरं एकेकटी, आपापल्या शेतात, दरीच्या दोन्ही अंगांना विखुरलेली. कोकणातल्या वाड्या डोळ्यांसमोर आणा, फक्त दोन घरांमधलं अंतर आणखी वाढवा आणि वर पाऊस तसाच ठेवा. साखर-चहा महिन्याचा भरून ठेवता येतो. तेलाचं तसं नाही. घरात मोठा साठा ठेवायची भीती आणि डबा हातात घेऊन चार मैल चढण चढायची कटकट. शिवाय डिसेंबरात तिथे दुपारी चारलाच अंधारून येतं आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. तेल संपलं म्हणून कुणी थांबत नाही; गाईचं दूध काढायचंच असतं.

म्हणून तेल दारात आलं, ठरलेल्या वारी. माझ्या मते या धंद्यातली खरी मेख इथेच आहे. तेलात नफा थोडा होता. शतक संपता संपता तर गॅलनचा भाव शिलिंगाच्याही खाली आला होता. पण तेल ही एकच वस्तू अशी होती की हिवाळ्यात ती दर आठवड्याला लागणारच. तेलाने दार उघडायचं आणि नफा बाकीच्या मालावर काढायचा. त्यामुळे गाडीवर तेलाची टाकी असे, पण तिच्याभोवती वाती, दिव्याच्या काचा, काड्यापेट्या, मेणबत्त्या, साबण, धुण्याचा सोडा, खराटे, बादल्या, खिळे, चिनी मातीची भांडी असा सगळा पसारा टांगलेला असे. नाटकाच्या सजावटकाराला सांगा: गाडी दिसण्याआधी तिचा आवाज यायला हवा, कारण बादल्या एकमेकींवर आपटत असतात.

गाडीची रचना मात्र विचार करून केलेली असे, आणि त्याचं कारण वास. रॉकेलचा वास लोण्याला, चहाला, पावाला लगेच लागतो. या भागात रोख पैसा तुटपुंजा. अनेक फिरते दुकानदार मालाच्या बदल्यात अंडी आणि लोणी घेत आणि ते पुढे बाजारात विकत. आता एकाच गाडीवर रॉकेल आणि लोणी! म्हणून टाकी शेवटी, गाडीच्या मागच्या टोकाला, तोटी बाहेरच्या बाजूला. आणि खायच्या वस्तू पुढे, झाकणाच्या पेटीत. तेल मोजून झालं की हात पुसायला टाकीजवळ फडकं अडकवलेलं असे. त्याच हाताने लोणी घेणाऱ्याकडून पुढच्या आठवड्यात कुणी काही घेतलं नसतं.

व्यवहार कसा होई ते जरा जवळून पाहा. बाई रिकामा डबा घेऊन अंगणात येते. विक्रेता माप तोटीखाली धरतो, काठोकाठ भरतो, फेस बसू देतो, मग नरसाळ्यातून डब्यात ओततो. माप उलटं करून शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरणं ही सचोटीची खूण. बाई त्याकडे लक्ष ठेवून असे. मग ती दिव्याची काच दाखवते, काठाला तडा गेलेला असतो. नवी काच बसवताना तो बर्नरवर हलकेच फिरवून पाहतो. फार घट्ट बसली तर तापल्यावर फुटणार. वात किती रुंद हवी ते विचारत नाही, बर्नर बघून कळतं. हिशेब वहीत जातो आणि लोकर विकली की चुकता होतो.

दुधात पाणी घालतात तशी तेलात भेसळ होत असेल असं तुम्हाला वाटेल. पाणी घालून चालत नसे. पाणी तेलाच्या तळाशी बसतं, काचेच्या दिव्यात ते सरळ दिसतं आणि वात तडतडायला लागते. खरी भेसळ वेगळी होती आणि जास्त वाईट. सुरुवातीच्या काळात तेल गाळताना वर येणाऱ्या नॅफ्थाला, म्हणजे आजच्या पेट्रोलसारख्या पातळ भागाला, गिऱ्हाईकच नव्हतं. मोटारी अजून यायच्या होत्या. तो टाकाऊ भाग रॉकेलमध्ये मिसळला की माप वाढे. असं तेल छान भडक जळे. पण दिव्याची टाकी तापली की आत वाफ धरे, आणि दिवा हातात असताना भडका उडे.

त्यामुळे सरकारला कायदे करावे लागले. १८६२ पासून पेट्रोलियमचे कायदे येत गेले. कुठल्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेते ती पातळी ठरवली गेली. १८७१ मध्ये ती उघड्या भांड्यातल्या चाचणीने १०० अंश फॅरनहाइट होती. १८७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांच्या बंद भांड्याच्या चाचणीने ७३ अंश करण्यात आली. आकडा घटलेला दिसतो, पण बंद भांड्यात वाफ कोंडते आणि लवकर पेटते, म्हणून ती सूट नव्हती, फक्त मोजमाप बदललं होतं. १८९० च्या दशकात ही मर्यादा वाढवावी म्हणून संसदेच्या समितीपुढे बरंच रण माजलं, पण आकडा ७३ वरच राहिला. १८८१ चा तर खास फेरीवाल्यांसाठीचा पेट्रोलियम कायदा आहे: एका गाडीत २० गॅलनपेक्षा जास्त नको, हवा खेळती हवी, जवळ दिवा किंवा आग नको. मात्र तो ७३ अंशांच्या खाली पेटणाऱ्या पातळ मालाला लागू होता. नेहमीचं दिव्याचं तेल त्या मर्यादेच्या वरचं, त्यामुळे खेड्यातल्या साध्या तेलवाल्याला त्याची फारशी आडकाठी नव्हती.

त्याला लागे ते फेरीवाल्याचं परवानापत्र. १८७१ च्या कायद्याप्रमाणे पायी फिरणाऱ्याने पोलिसांकडून वर्षाला पाच शिलिंग भरून दाखला घ्यायचा. घोडा किंवा गाढव जुंपलं की १८८८ च्या कायद्याने वर्षाला दोन पौंड. फरक मोठा आहे. तुमच्या नाटकात पोलिसाचा प्रवेश हवा असेल तर तो इथे अगदी चपखल बसेल.

आता तेल्याचा प्रश्न. आपला तेली घाणा चालवतो, बी गाळतो, तेल तयार करतो, आणि तो धंदा घराण्यात चालत येतो. वेल्समध्ये तेलबियांचा घाणा घराघराला पुरवणारी अशी जमात कधी नव्हती, जातही नव्हती. तेलवाला म्हणजे बहुधा स्थानिक दुकानदाराचा मुलगा, लहान शेतकरी, किंवा खाणीत जखमी होऊन हलकं काम शोधणारा माणूस. बापाची फेरी मुलाने चालवली असं होई, पण ते गिऱ्हाइकांची ओळख होती म्हणून.

ओळखीला मोठी किंमत होती. १८९१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच वेल्समधल्या लोकांना भाषा विचारली गेली तेव्हा निम्म्याहून जास्त लोक वेल्श बोलणारे निघाले. पश्चिमेकडच्या कार्डिगनशरमध्ये तर दहातले नऊ, आणि त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येतच नव्हतं. बाहेरचा इंग्रज विक्रेता तिथे अंगणातच अडखळला असता. म्हणून तेलवाला त्याच दरीतला, त्याच चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, बसणारा असे. रविवारी गाडी बाहेर काढणं अशक्य. तिथला रविवार इतका कडक की १८८१ मध्ये खास वेल्ससाठी रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा झाला होता. बाहेरून येऊन भाषा शिकलेले फेरीवाले नव्हते असंही नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीतून येऊन कांद्याच्या माळा विकणारे लोक चांगलं वेल्श बोलत आणि त्यांना प्रेमाने 'शोनी' म्हणत. दक्षिणेत पेनक्लाउडच्या बायका गाढवावर पाट्या लादून शिंपल्यांतलं मांस विकायला निघत. हे सगळे आणि तेलवाला एकाच रस्त्यावरचे प्रवासी होते.

नावाचं म्हणाल तर एका दरीत जोन्स, डेव्हिस आणि एव्हान्स यांचीच भरती असल्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखला जाई: जोन्स दूधवाला, एव्हान्स पाववाला, तसाच तेलवाला. मराठीत तुम्ही त्याला नुसतं 'तेलवाला एव्हान्स' म्हटलंत तरी ते वेल्श रिवाजाला धरूनच होईल.

दिव्यांबद्दल थोडं, कारण रंगमंचावर हमखास चूक होते ती यातच. सुरुवातीचे खेड्यातले दिवे साधे असत. पत्र्याची किंवा काचेची टाकी, एक चपटी वात, वर काच, मागे भिंतीवर टांगायला चकचकीत पत्रा. पैसेवाल्या घरात बर्मिंगहॅमच्या हिंक्स कंपनीचा १८६५ मध्ये पेटंट झालेला दोन वातींचा ड्युप्लेक्स बर्नर दिसे. बाजूचा छोटा दांडा दाबला की टोप्या वर येऊन दोन्ही वाती विझतात, फुंकर मारावी लागत नाही. गोल वातीचे जर्मन बर्नरही खूप येत. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दिव्यांत सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे टाकीवर पितळी गळपट्टी बसवायला वापरलेलं प्लास्टर. तेल त्यात मुरतं, ते भुसभुशीत होतं आणि बर्नर डुगडुगायला लागतो. रॉकेलचा स्वभावच असा की ते धातूवर हळूहळू चढतं. चांगला पुसून ठेवलेला दिवाही सकाळी बाहेरून तेलकट लागतो. म्हणून जुन्या छायाचित्रांत दिव्याखाली विणलेला रुमाल दिसतो तो शोभेपुरता नाही. आणि गोठ्यात न्यायचा तो वारा सहन करणारा कंदील, ज्याच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या नळ्या वर जातात, तो १८६० च्या दशकाअखेरीआधी दाखवूच नका.

शतकाच्या अखेरीस तेलाला छाप मिळाले. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलची ब्रिटनमधली शाखा, १८८८ मध्ये निघालेली अँग्लो-अमेरिकन ऑइल कंपनी, 'रॉयल डेलाइट' आणि 'व्हाइट रोझ' या नावांनी तेल विकू लागली. शहरांत कंपनीच्याच घोडागाडीच्या टाक्या दुकानांना तेल पुरवत, त्यामुळे पिंपं मागे पडत गेली. पहिल्या महायुद्धानंतर घोड्याच्या जागी मोटारगाडी आली. १९२२ मध्ये स्वान्सीजवळ लॅनडार्सीला इराणचं कच्चं तेल गाळणारा मोठा कारखाना सुरू झाला. लीसवुडच्या भट्ट्या विझून दोन पिढ्या झाल्यावर दिव्याचं तेल पुन्हा वेल्समध्ये तयार होऊ लागलं, पण या वेळी कच्चा माल इराणी होता. घरात तोवर अलॅडिन कंपनीचे मँटलवाले दिवे आले होते. आवाज न करता पांढरा, स्थिर प्रकाश देणारे. मँटल मात्र इतकं नाजूक की जोरात दार आपटलं तरी राख व्हायचं, आणि तेलवाल्याला दर काही आठवड्यांनी एक विक्री ठरलेली. गोठ्यासाठी टिलीचा पंप मारायचा दिवा, आपल्या पेट्रोमॅक्सच्या जातीचा.

ते संपले कधी, याचं सरधोपट उत्तर 'वीज आली तेव्हा' असं देतात. ते अर्धंच खरं आहे. १९४८ मध्ये वीजपुरवठा सरकारी झाला, उत्तर वेल्स मर्सीसाइडच्या मंडळाला जोडलं गेलं आणि दक्षिणेला वेगळं मंडळ मिळालं. डोंगरातल्या एका घरासाठी मैलभर खांब रोवणं मंडळाला परवडत नव्हतं, म्हणून आडबाजूच्या शेतांवर वीज यायला १९५० चं आणि काही ठिकाणी १९६० चं दशक उजाडलं. पण वीज आल्यावरही तेलवाल्याची गाडी थांबली नाही, कारण दिवे गेले तरी खोल्या गारच होत्या. रॉकेलचे हीटर आले आणि तेलाची मागणी उलट टिकून राहिली. त्या काळात एसो या तेल कंपनीने निळं आणि अलॅडिनने गुलाबी तेल विकायला काढलं. टीव्हीवरची एसो ब्लूची जाहिरात त्या पिढीतल्या लोकांना अजून म्हणून दाखवता येते. या फेरीवाल्यांना उखडलं ते मोटारीने सुपरमार्केटला जाणाऱ्या गिऱ्हाइकाने, गॅस आणि मध्यवर्ती हीटिंगने, आणि १९७३ नंतर चढलेल्या तेलाच्या भावाने.

तेव्हा तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. साल १७८० ठेवा आणि तेलवाल्याचा पॅकमन करा. किंवा तेलवाला ठेवा आणि नाटक १८९० च्या आसपास आणा. मी दुसरा घेईन: तेव्हा गिऱ्हाईक तेलावर अवलंबून आहे, भाव अमेरिकेत ठरतो आहे, आणि घरातल्या आजीने मात्र चरबीच्या काड्या सोलण्यात लहानपण घालवलेलं आहे. तिचं आणि तेलवाल्याचं एक भांडण लिहिता येईल, कारण विकतच्या उजेडाला पैसे मोजणं तिला पटलेलं नसणार.

नेपथ्यासाठी कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयाची छायाचित्रं पाहा. तिथे मर्थर टिडफिलहून उचलून आणलेली रिड-अ-कारची सहा कामगारघरं एका ओळीत उभी आहेत आणि ती अनुक्रमे १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५ सालची म्हणून सजवली आहेत. तुम्हाला लागेल ते तिसरं घर. शिवाय ऑगमोर व्हेलहून आणलेलं ग्वालिया नावाचं जुनं दुकान तिथेच आहे. तेलवाल्याच्या गाडीवर टांगायच्या वस्तूंसाठी त्याच्या फळ्या बारकाईने बघा.